डोळा लागला

गेल्या महिन्यात एम.ए.च्या वर्गात चेकॉव्हची एक कथा शिकवत होतो. १८८८ सालची, जेमतेम आठ-दहा पानांची. इंग्रजी भाषांतरांतून ती 'स्लीपी' या नावाने ओळखली जाते. वारका नावाची तेरा वर्षांची पोर एका चांभाराच्या घरी मूल सांभाळायला ठेवलेली आहे. दिवसभर तिने भट्टी पेटवायची, बूट पुसायचे, पाहुण्यांसाठी बिअर आणायला धावायचे आणि रात्रभर रडणाऱ्या मुलाचा पाळणा हलवायचा. झोपायचे केव्हा, हा प्रश्न त्या घरात कोणाला पडत नाही. छतावर दिव्याचा हिरवा डाग हलतो, सावल्या हलतात, आणि वारकाला डोळे उघडे असतानाच स्वप्ने पडू लागतात. शेवटी तिला आपला शत्रू 'सापडतो': ते मूल. ती त्याचा गळा दाबते आणि लगेच गाढ झोपी जाते.

वर्गात नेहमीप्रमाणे चर्चा झाली. एका मुलाने 'मनोविकृती' हा शब्द वापरला. एका विद्यार्थिनीने बालमजुरीचा मुद्दा मांडला, तो योग्यच होता. मागच्या बाकावरच्या एकाने विचारले, "सर, तिला पुढे शिक्षा काय झाली असेल?" मी कथेच्या शेवटाविषयी, लेखकाच्या तटस्थतेविषयी काहीतरी सांगितले आणि तास संपवला. खरे म्हणजे मला त्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नव्हते. ही कथा मी पंधरा-सोळा वेळा शिकवली असेल, आणि दर वेळी मी याच जागी तास संपवतो.

माझे वडील ट्रक ड्रायव्हर होते. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. तासगावच्या बाजूची द्राक्षे, कोल्हापूरचा गूळ, कधी साखर घेऊन ते मुंबईला जात आणि येताना मिळेल तो माल आणीत. गाडी टाटाची १२१०, मालकी शेठची. पगार नावापुरता, खरी मिळकत खेपेवर. म्हणजे महिन्यात जितक्या खेपा, तितका भत्ता. द्राक्षांच्या हंगामात आबा घरी आले की अंगणातच आडवे होत, आणि आई आम्हां भावंडांना शेजारी पिटाळत असे. घरातली शांतता ही आमच्याकडे वस्तूसारखी होती. ती साठवून ठेवायची आणि आबांना द्यायची.

जागे राहण्याचे सगळे उपाय मी त्यांच्याकडूनच शिकलो. तंबाखूत चुना जास्त टाकायचा. डोळ्यांच्या खाली बाम चोळायचा. ढाब्यावर तोंडावर गार पाणी मारून, चहा पिऊन, पुसल्याशिवाय तसेच ओल्या तोंडाने गाडीत बसायचे, म्हणजे वारा लागतो. हिरवी मिरची चावायची. आणि सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे शेजारी बोलणारा माणूस. क्लीनरचे काम चाकाखाली दगड लावणे आणि ताडपत्री बांधणे एवढेच असते, असा लोकांचा समज असतो. रात्री दोननंतर त्याचे खरे काम बोलणे हे असते.

१९८७च्या फेब्रुवारीत क्लीनर गावच्या जत्रेला गेला आणि आबांनी मला दोन दिवस शाळा बुडवायला लावली. मी तेरा वर्षांचा होतो. मुंबई पाहायला मिळणार म्हणून मी हरखलो होतो. जाताना रात्रभर मी बडबडलो. परीक्षेचे, मित्रांचे संपल्यावर 'चांदोबा'तल्या वेताळाच्या गोष्टी सांगू लागलो. (पुढे कळले की वेताळ राजाला गोष्टी सांगतो त्या वाट सरावी म्हणून. खांद्यावर ओझे, रात्रीची वाट आणि कानाशी गोष्ट: कथनशास्त्रावरच्या एका परिसंवादात मी यावर निबंध वाचला आणि त्याचे बरे कौतुक झाले. तो निबंध मला कोठून सुचला, हे मात्र तेथे सांगितले नाही.)

मुंबईत माल उतरायला दुपार झाली. हमालांचा नंबर लागेपर्यंत आबा सीटवर टेकले खरे. पण दर दहा मिनिटांनी कोणीतरी पत्रा बडवून गाडी पुढेमागे घ्यायला सांगत होते. परतीचा माल भरून संध्याकाळी सहाला आम्ही निघालो. खंडाळा, कात्रज, खंबाटकी असे तीन घाट. तेव्हा हा रस्ता एकेरी होता. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे थेट डोळ्यांत शिरत. साताऱ्याच्या पुढे आबा म्हणाले, "काय तरी सांग की रं. झोपू नगंस." मी वेताळाची एक नवी गोष्ट सुरू केली.

आणि मी झोपलो. केव्हा, ते मला माहीत नाही.

कराडच्या अलीकडे, पहाटे चारच्या सुमारास, आमची गाडी उसाच्या बैलगाडीवर मागून आदळली. गाळपाचा हंगाम होता. त्या दिवसांत महामार्गावर रात्रभर उसाच्या गाड्या कारखान्याकडे सरकत असतात. आसाला बांधलेला कंदील विझला होता. गाडीवान बीडकडचा, ऊसतोडीला आलेला. दिवसभर कोयता चालवून, संध्याकाळी गाडी भरून, तो उसाच्या मोळ्यांवर झोपला होता. बैलांना वाट पाठ असते. झोपलेल्या माणसाला बैल कारखान्यापर्यंत नेऊन पोचवतात. ट्रक ते करू शकत नाही. त्या रात्री त्या रस्त्यावर आम्ही तिघे होतो आणि तिघेही झोपेत होतो, इतकेच.

आबा पळाले नाहीत. त्यांनी मला खाली उतरवले, मोळ्यांखालून त्या माणसाला ओढून काढले आणि त्याचे डोके मांडीवर घेऊन बसून राहिले. लोक जमले. एकदोघांनी आबांना मारले. मी रडू लागलो म्हणून थांबले असावेत. आबा एकच वाक्य म्हणत होते: "डोळा लागला ओ. डोळा लागला." एक बैल जागीच मेला होता. दिवस उगवल्यावर त्या माणसाची बायको आली, काखेत लहान मूल होते. तिसऱ्या दिवशी तो माणूस दवाखान्यात गेला.

पुढे मी भाषेचा विद्यार्थी झालो, तेव्हा या वाक्यापाशी अनेकदा अडखळलो. 'डोळा लागला' या वाक्यात कर्ता डोळा आहे, माणूस नाही. मी डोळा लावला, असे मराठीत म्हणता येत नाही. म्हटले तर त्याचा अर्थ भलताच होतो. पेंग येते, झापड येते, गुंगी चढते. झोपेच्या बाबतीत आपली भाषा माणसाला कर्तेपद देतच नाही. ती त्याच्यावर येऊन पडते. उलट जागण्याचे सारे कर्तृत्व माणसाकडे. जागर, जागरण, जागल. खंडोबाचे जागरण घालतात. कोजागरीला लक्ष्मी 'कोण जागे आहे' असे विचारीत फिरते आणि जागणाऱ्याच्या पदरात धन टाकते, म्हणतात. आबांच्या शेठला ही कथा ठाऊक असावी.

आता पोलिसांच्या फिर्यादीची भाषा पाहा. 'रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून'. अपघाताच्या मराठी कागदपत्रांतले हे ठरलेले सूत्र आहे, जवळजवळ ओवीसारखे. येथे सगळे कर्तृत्व एका माणसाचे. दुर्लक्ष त्याने केले, हयगय त्याने केली, अविचार त्याचा. बाजारात माल पहाटे पोचलाच पाहिजे हे कोणी ठरवले, माल उतरायला दुपार का झाली, हा माणूस किती तासांपूर्वी शेवटचा झोपला होता, हे त्या वाक्यात कोठेच मावत नाही. भारतीय दंडविधानाची २७९ आणि ३०४-अ ही कलमे आबांवर लागली. दुसऱ्यात तेव्हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती.

खटला सहा वर्षे चालला. वकिलांनी आबांना पहिल्याच भेटीत बजावले की 'डोळा लागला' हे शब्द पुन्हा तोंडातून काढायचे नाहीत. झोप आली असताना गाडी चालवत राहणे हीच हयगय ठरते. म्हणायचे असे की समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशाने डोळे दिपले, आणि पुढच्या बैलगाडीला दिवा नव्हता. आबांनी ते वाक्य पाठ केले. रात्री जेवणानंतर ते मला समोर बसवून म्हणून दाखवीत आणि मी चुका काढीत असे, परीक्षेसारखे. 'डोळा लागला' म्हटले तर गुन्हेगार, 'डोळे दिपले' म्हटले तर निर्दोष. ते निर्दोष सुटले. म्हणजे दोष कंदिलाचा, पर्यायाने मेलेल्या माणसाचा ठरला. निकाल ऐकून घरी आल्यावर आईने गूळ-खोबरे देवापुढे ठेवले. आबा मागच्या दाराने शेतात निघून गेले.

संशोधनाच्या निमित्ताने ग्रंथालयात बसत असताना, २००३च्या आसपास, मी कुतूहलापोटी मोटार वाहतूक कामगार कायदा काढून वाचला. तो १९६१ सालचा आहे. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्यावर, परवानगीने, दहा आणि चौपन्न. सलग पाच तासांहून अधिक काम नाही. मध्ये निदान अर्धा तास विश्रांती. कामाचा एकूण फैलाव बारा तासांच्या आत. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. मी थक्क झालो. म्हणजे आबांची गाडी कराडला आदळली तेव्हा हा कायदा सव्वीस वर्षांचा होता! मात्र तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता, आणि शेठच्या गाड्या शेठ, शेठचा भाऊ आणि शेठची बायको अशा तिघांच्या नावावर होत्या. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने हेच तास साऱ्याच मालवाहू-प्रवासी गाड्यांच्या चालकांना लावले. मी उत्साहाने कलमे उतरवून घेतली आणि गावी जाऊन आबांना वाचून दाखवली. त्यांनी पूर्ण ऐकले. मग म्हणाले, "आठ तास? आठ तासांत तर मी वाशीच्या गेटापतूर सुदीक पोचत नव्हतो." थोड्या वेळाने विचारले, "आनि ह्ये मोजतं कोन?"

प्रश्न त्यातच आहे. युरोपात ड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबावे लागते, दिवसाला साधारण नऊ तासांची मर्यादा असते, आणि ते मोजायला गाडीत टॅकोग्राफ नावाचे यंत्र असते. अमेरिकेत दहा तासांच्या विश्रांतीनंतर अकरा तास चालवता येते, तेही चौदा तासांच्या खिडकीत. २०१७च्या डिसेंबरपासून तेथेही नोंद यंत्राकडे गेली. तिथले ड्रायव्हर या यंत्रांना शिव्या घालतात, कारण थांबायला जागा मिळाली नाही तरी घड्याळ थांबत नाही. पण निदान शिव्या घालायला घड्याळ तरी आहे. आपल्याकडे श्वासावरून दारू ओळखतात, आणि ते योग्यच आहे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर मद्य असले की गुन्हा. सतरा तास सलग जागा असलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया पन्नास मिलिग्रॅम मद्य घेतलेल्या माणसाइतक्या मंदावतात, असे १९९७पासूनच्या प्रयोगांत आढळले आहे. चोवीस तास जागा असेल तर त्याच्या दुप्पट. आबा त्या पहाटे सेहेचाळीस तासांत दीडेक तास झोपले होते, तोही तुकड्या-तुकड्यांनी. ताशी साठच्या वेगाने चाललेली गाडी चार सेकंदांच्या डुलकीत सहासष्ट मीटर जाते. त्या साऱ्या अंतरात गाडीवर कोणीच नसते.

एक नियम मात्र मला फार आवडत असे. नॅशनल परमिटच्या गाडीवर निदान दोन ड्रायव्हर हवेत, आणि दुसऱ्याला अंग पसरून झोपता येईल असे पूर्ण रुंदीचे आसन चालकाच्या मागे हवे, असे १९८९च्या केंद्रीय नियमांत लिहिले होते. अंग पसरणे आणि झोपणे ही दोन क्रियापदे कायद्याच्या पुस्तकात पाहून मला विलक्षण बरे वाटले होते. तो दुसरा ड्रायव्हर प्रत्यक्षात बहुधा नसायचाच. त्याच्या जागी क्लीनर, नाहीतर माझ्यासारखे पोर. २०१८ साली दोन ड्रायव्हरांची ती अटही काढून टाकण्यात आली. १९६१चा कायदाही आता स्वतंत्र उरलेला नाही. तो २०२०च्या कामगारविषयक संहितेत सामावला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. २०२५पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, ही मात्र खरोखर चांगली गोष्ट. १२१०च्या केबिनमध्ये इंजिनाची धग मांड्या भाजीत असे. तिची पिशाच्चे होत असत, असेही म्हणता येईल. आबांना पहाटे तीनच्या पुढे घाटात पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी रस्ता ओलांडताना दिसे. प्रत्येक घाटाची अशी एक बाई असते. ड्रायव्हर तिला नारळ फोडतात. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी या बायकांकडे वासना आणि मृत्यू यांची प्रतीके म्हणून पाहिले आहे. माझे मत साधे आहे. ती वारकाच्या छतावरचा हिरवा डाग आहे.

२०२४च्या जानेवारीत ड्रायव्हरांचा संप झाला तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पेट्रोलच्या रांगांची चर्चा होती. नव्या न्याय संहितेत, अपघातानंतर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. १ जुलै २०२४ला संहिता लागू झाली ती तेवढे उपकलम बाजूला ठेवून. "पळून जातात म्हणजे काय? माणुसकी आहे की नाही?" असे एक सहकारी म्हणाले. ते चुकीचे बोलत नव्हते. रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या बाजूने बोलणारे कोणीतरी हवेच. २०२२ साली या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतला प्रत्येक जण कोणाच्यातरी काखेतल्या मुलाचा बाप वगैरे असणार. पण आबांच्या कानशिलावर बसलेली ती पहिली चपराक मला ऐकू आली आणि मी चहाचा कप घेऊन व्हरांड्यात गेलो. सोबत मूल नसते तर आबा थांबले असते का? मी हे त्यांना कधी विचारले नाही.

महाभारताचे द्रोणपर्व शिकवताना मी एका प्रसंगापाशी रेंगाळतो. चौदाव्या दिवशी युद्ध सूर्यास्तानंतरही थांबत नाही. घटोत्कच पडतो, रात्र चढते, आणि दोन्ही सैन्ये झोपेने इतकी आंधळी होतात की आपला-परका ओळखू येईना. तेव्हा अर्जुन ओरडून सांगतो की चंद्र उगवेपर्यंत सगळ्यांनी येथेच झोपून घ्या. आणि शत्रूसुद्धा ते मान्य करतो. कोणी घोड्याच्या पाठीवर, कोणी रथात, कोणी हत्तीच्या मानेवर, कोणी जमिनीवर झोपते. आणि झोपण्यापूर्वी ते अर्जुनाला आशीर्वाद देतात. संहाराच्या इतक्या मोठ्या ग्रंथात व्यासांना सैनिकांच्या झोपेची आठवण राहिली. विद्यार्थ्यांना हा प्रसंग सहसा ठाऊक नसतो. गीतेनंतर त्यांची उडी थेट कर्णाच्या चाकावर जाते.

अलीकडे समृद्धी महामार्गाने नागपूरला गेलो होतो. सातशे एक किलोमीटर, सरळ, गुळगुळीत. १ जुलै २०२३च्या मध्यरात्री सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर बस पेटून पंचवीस माणसे गेली, त्यानंतर 'रस्त्याचे संमोहन' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत वारंवार दिसू लागला. रस्ता सरळ आहे म्हणून झोप लागते, असे म्हणतात. कर्तेपद पुन्हा एकदा फिरले: पूर्वी ड्रायव्हरकडे होते, आता रस्त्याकडे आले. शेठपर्यंत ते अजून पोचायचे आहे. माझ्या ड्रायव्हरला मी दर तासाला थांबायला लावत होतो. तो वैतागला असावा.

त्या रात्रीनंतर आबांनी मला कधी गाडीत घेतले नाही. ती शिक्षा होती की काळजी, हे मला कळले नाही. पोलिसांच्या कागदांत माझा उल्लेख नव्हता. वकिलांनी साक्षीदार म्हणून लहान मूल नको, असे सांगितले होते. मी झोपलो होतो, ही गोष्ट आबा सोडून कोणालाच माहीत नव्हती, आणि आबांनी ती आईलाही सांगितली नव्हती, हे मला आई गेल्यावर समजले. त्यांनी आणखी अकरा वर्षे गाडी चालवली. शेवटी शेवटी त्यांना रात्री झोपच येत नसे. तीनच्या सुमारास ते ओसरीवर येऊन बसत. मी गावी असलो की उठून शेजारी जाऊन बसे.

२००९च्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले. असेच बसलो असताना त्यांनी अचानक विचारले, "त्या राती तू येताळाची गोष्ट सांगत हुतास. राजा काय म्हनला मग?"

मला ती गोष्ट आठवेना. कोणती होती, कोणता प्रश्न वेताळाने विचारला होता, काहीच नाही. बावीस वर्षे गोष्टी शिकण्या-शिकवण्यात घालवलेल्या माणसाला हे कबूल करवेना. मी एक गोष्ट रचली. तीन भाऊ, एक राजकन्या, एक शाप. वेताळाचा प्रश्न रचला आणि राजाचे उत्तरही रचले. आबा भिंतीला टेकून ऐकत होते. गोष्ट संपली, तेव्हा कोंबडे आरवू लागले होते.

"असं व्हय," ते म्हणाले, आणि तंबाखूची पिशवी चाचपू लागले.